फोटोमागची नावे : गावाचा इतिहास कसा जपला जातो

स्थानिक इतिहास म्हणजे एखाद्या गावाचा, पेठेचा, वाडीचा किंवा खोऱ्याचा, तिथे राहिलेल्या माणसांच्या अंगाने मांडलेला इतिहास. राज्यांचा इतिहास लढाया, तह आणि राजांच्या कारकिर्दी यांच्या आधारे उभा राहतो. गावाच्या इतिहासाचे प्रश्न वेगळे असतात. विहीर कोणी खोदली, शाळा पहिल्यांदा कोणाच्या ओसरीवर भरली, आठवड्याचा बाजार कुठे बसत असे, पाणवठा कोणाला खुला होता आणि कोणाला बंद, गाव सोडून कोण कधी गेले आणि का गेले. या प्रश्नांची उत्तरे सरकारी दप्तरात क्वचितच मिळतात. ती मिळतात भिंतीवरच्या तसबिरींत, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या अल्बमांत आणि वयोवृद्ध माणसांच्या बोलण्यात.

फोटो आणि आठवणी ही दोन्ही साधने नाशवंत आहेत, आणि एकमेकांवाचून अपुरीही आहेत. ज्यातल्या माणसांची नावे कोणालाच सांगता येत नाहीत असा फोटो इतिहासाला फारसा उपयोगी पडत नाही. आणि ज्या आठवणीला कशाचाच आधार नाही ती ऐकीव गोष्टीच्या पुढे जात नाही. फोटो आणि त्यामागची हकिकत एकाच वेळी, एकाच ठिकाणी नोंदवणे हा स्थानिक इतिहासाच्या जतनाचा गाभा आहे.

नोंद ठेवण्याची जुनी परंपरा

गावाची आठवण जपण्याची गरज महाराष्ट्राला नवी नाही. गावाच्या वेशीजवळ किंवा देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. वीरगळावरची शिल्पे साधारणपणे खालून वर पाहायची असतात. खालच्या चौकटीत गुरे पळवणाऱ्यांशी किंवा शत्रूशी चाललेली झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. त्यामुळे गावासाठी कोणीतरी प्राण दिला एवढे कळते, तो कोण होता हे मात्र कळत नाही.

नावे जपण्याचे काम इतरांनी केले. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यात्रेकरूंच्या कुळांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आले आहेत. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हेळवी समाजाचे लोक गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवतात आणि नव्या जन्मांची भर घालतात. वतनाच्या तंट्यांत तयार झालेले महजर (निवाडपत्रे) आणि करीने (हकिकतपत्रे) यांतही गावाचा मागील इतिहास साक्षीदारांच्या तोंडून आलेला असतो.

ही कागदपत्रे शोधून छापण्याचे मोठे काम इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. त्यासाठी ते गावोगावचे वाडे आणि माळे धुंडाळत हिंडले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

एकेका ठिकाणावर लिहिलेल्या पुस्तकांची परंपरा त्याहून जुनी आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. १८८०च्या दशकात जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअर निघाली; पिके, जाती, बाजार, देवळे आणि रस्ते यांची त्यांतली माहिती आजही उपयोगी पडते, पण ती राज्यकारभाराच्या गरजेतून गोळा झालेली आहे. खेड्याच्या व्यवस्थेचे आतून केलेले विवेचन त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गांव-गाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात सापडते. ना. गो. चापेकरांनी १९३३ साली आपल्या बदलापूर गावावर पुस्तक लिहिले आणि एका गावाचा तपशीलवार अभ्यास कसा करावा याचा मराठीत पायंडा पाडला.

कॅमेरा आला तेव्हा

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली युरोपात जाहीर झाला आणि वर्षभरात तो हिंदुस्थानात पोचला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी जोडलेल्या पहिल्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक. त्याच सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रण शिकवण्याचा वर्गही सुरू झाला. त्या काळी काच रासायनिक द्रावणाने ओली करून, ती वाळायच्या आत चित्र टिपून धुवावी लागे. बाहेरगावी जाणाऱ्या छायाचित्रकाराला तंबू, रसायने आणि काचांच्या पेट्या बैलगाडीवर लादून न्याव्या लागत.

सुरुवातीच्या चित्रांत लेणी, किल्ले, देवळे आणि 'नमुन्यादाखल' उभी केलेली माणसे जास्त आहेत. माणसाच्या चित्राखाली त्याची जात किंवा धंदा लिहिलेला असे. नाव क्वचितच असे. त्यामुळे शेकडो चेहरे संग्रहालयांत सुरक्षित आहेत, पण ते कोणाचे हे आता सांगता येत नाही.

अजिंठ्याच्या चित्रांची कहाणी जतनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलप्रतिकृती तयार करून लंडनला पाठवल्या. १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी नव्याने प्रतिकृती काढल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच आगीत नष्ट झाल्या. गिल यांनी कॅमेऱ्याने टिपलेली लेण्यांची चित्रे मात्र १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली होती. एका चित्राच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी पोचल्या, म्हणून ती टिकली. एकच प्रत आणि ती एकाच जागी, ही कोणत्याही संग्रहाची सर्वांत मोठी कमजोरी असते.

विसाव्या शतकात तालुक्याच्या गावांतही स्टुडिओ निघाले. रंगवलेला पडदा, लाकडी कठडा, कुंडी, खुर्ची आणि तिवईवरचा काळ्या कापडाने झाकलेला कॅमेरा असा त्यांचा थाट असे. लग्न, मुंज, नोकरीला लागणे, लष्करात भरती होणे या प्रसंगी लोक मुद्दाम फोटो काढून घेत. चांगल्या स्टुडिओत एक वही असे. तीत निगेटिव्हचा क्रमांक, गिऱ्हाइकाचे नाव, तारीख आणि प्रतींची संख्या लिहिलेली असे. अशी एखादी वही शाबूत सापडली तर अर्ध्या गावाची ओळख पटते. दुर्दैवाने स्टुडिओ बंद झाले तेव्हा वह्या रद्दीत गेल्या आणि काचा धुऊन दुसऱ्या कामाला लागल्या.

फोटो कसा वाचावा

फोटो हा पुरावा आहे, पण तो वाचावा लागतो. शाळेचा वर्गफोटो घेतला तर मध्ये खुर्चीवर हेडमास्तर, बाजूला शिक्षक, मागे उभी मुले, पुढे जमिनीवर बसलेली लहान मुले आणि त्यांच्यासमोर पाटीवर खडूने लिहिलेली इयत्ता आणि सन, अशी रचना ओळखीची असते. पाटीवरचे सन मिळाले की पहिला प्रश्न सुटतो. मग बारकावे पाहायचे. डोक्यावर टोप्या किती, पायांत वहाणा किती, मुली किती आणि त्या कुठे बसल्या आहेत, कोणाला इतरांपासून अंतर ठेवून बसवले आहे का. मागच्या इमारतीचे छप्पर नळीच्या कौलांचे की मंगलोरी कौलांचे, की पत्र्याचे. एवढ्यावरून शाळेची आणि गावाची परिस्थिती कळू लागते.

सन लिहिलेले नसेल तेव्हा इतर खुणा कामी येतात. चौकटीत विजेचा खांब दिसत असेल तर गावात वीज आल्यानंतरचा तो फोटो आहे. गाडीच्या पाटीवरचा क्रमांक 'एमएच' अक्षरांनी सुरू होत असेल तर तो १९८०च्या दशकाच्या अखेरीनंतरचा. भिंतीवरचे सिनेमाचे पोस्टर, निवडणुकीचे चिन्ह, दुकानाची पाटी, कापडाची पद्धत हे सारे काळ ठरवायला मदत करतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या प्रतीच्या तळाशी स्टुडिओचे नाव आणि गाव छापलेले असते. स्टुडिओ कोणत्या काळात चालू होता हे ठाऊक असेल तर फोटोचा काळही आटोक्यात येतो.

फोटो दिशाभूलही करतो. स्टुडिओत कोट, घड्याळ आणि छडी भाड्याने मिळे. म्हणून अंगावरच्या पोशाखावरून घराची सुबत्ता ठरवता येत नाही. निगेटिव्ह उलटी धरून प्रत काढली असेल तर डावे-उजवे बदलते. पाटीवरची अक्षरे उलटी दिसली किंवा नथ उजव्या नाकपुडीत दिसली की ही चूक लक्षात येते. जुन्या कॅमेऱ्यात प्रकाश बराच वेळ घ्यावा लागे, म्हणून चालती माणसे पुसट होत किंवा उमटतच नसत. त्या काळच्या फोटोतला ओस रस्ता खरोखर ओस असेलच असे नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोटोत कोण नाही हे पाहणे. कॅमेरा परवडणाऱ्यांच्या घरी जुने अल्बम आहेत. भूमिहीन, दलित, आदिवासी आणि भटक्या कुटुंबांत आजोबांचा एकही फोटो नसणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. केवळ फोटोंवरून गावाचा इतिहास लिहिला तर तो वाड्यांचा इतिहास होतो. उरलेले गाव आठवणींतूनच आत येते.

आठवणींचे साधन

वृद्ध माणसे काळ सनावळीने सांगत नाहीत, घटनांनी सांगतात. 'प्लेगात घर सोडून माळावर झोपड्या घातल्या' म्हणजे १८९६ नंतरची वर्षे. 'मानमोडीत आजी गेली' म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. मराठवाड्यात 'रझाकारांच्या वेळी' म्हणजे १९४८ आणि त्याच्या आधीचा काळ. पुण्यात 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' असे १२ जुलै १९६१ च्या पुराने आयुष्याचे दोन भाग पडतात. कोयना खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, आणि जवळजवळ साऱ्या महाराष्ट्रात १९७२चा दुष्काळ या अशाच खुणा आहेत. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडण्याचे काम आणि पाझर तलाव हे शब्द बोलण्यात आले की काळ ओळखता येतो. ज्याला आठवणी नोंदवायच्या आहेत त्याने आधी आपल्या भागातल्या अशा घटनांची सनावळी तयार ठेवावी.

आठवणींना इतिहासाचे साधन मानून महाराष्ट्रात मोलाची कामे झाली आहेत. जात्यावरच्या ओव्या हे त्यांतले सर्वांत मोठे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना गायलेल्या या ओव्यांत माहेर, सासुरवास, भाऊ, पंढरीची वारी, पाऊस, बाबासाहेब आंबेडकर असे सारे विषय येतात. गिरण्या आल्या आणि घरातले दळण थांबले, तशी ओवी गाण्याची वेळच उरली नाही. संग्रह वेळेत झाला म्हणून ते बोल टिकले. आता हा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या जनसंग्रहामार्फत गाणाऱ्या स्त्रियांच्या नावांनिशी आणि फोटोंनिशी लोकांपुढे येतो आहे.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. कागदोपत्री ज्यांची नावे जवळजवळ नव्हतीच, अशा स्त्रिया त्यामुळे इतिहासात आल्या. मुंबईच्या गिरणगावाबद्दल नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगार, त्यांच्या घरच्या स्त्रिया, कार्यकर्ते आणि शाहीर यांच्या मुलाखतींतून असेच काम केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. पाळीचा भोंगा, खानावळी, चाळींतली भजनी मंडळे आणि गणेशोत्सवातले मेळे यांची नोंद आता या आठवणींत मिळते.

आठवण चुकतेही. दोन वर्षांचे प्रसंग एकत्र होतात, ऐकलेली गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगितली जाते, स्वतःच्या घराण्याचे अपयश गाळले जाते. म्हणून एकच घटना वेगवेगळ्या आळ्यांतल्या, वेगवेगळ्या समाजांतल्या किमान दोन-तीन माणसांकडून ऐकावी आणि शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, सातबारा, जुने वर्तमानपत्र यांच्याशी ताडून पाहावी. दोन हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. एखाद्या विहिरीच्या सत्याग्रहाची हकिकत गावाच्या दोन टोकांना वेगवेगळी सांगितली जात असेल, तर तो फरकही गावाच्या इतिहासाचाच भाग आहे.

जी गावेच उरली नाहीत

काही ठिकाणी फोटो आणि आठवणी यांखेरीज दुसरे काहीच शिल्लक नाही. मुळशी खोऱ्यातल्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. धरण झाले आणि गावे, शेते, देवळे पाण्याखाली गेली. भीमेवरच्या उजनी जलाशयात अनेक गावे बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, तेव्हा उठून गेलेल्या कुटुंबांतली माणसे तिथे जाऊन आपल्या घराची जागा शोधतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे माणसांवर कोसळली. गावे नव्या जागी, सरळ रस्त्यांची आणि वेगळ्या रचनेची अशी वसवली गेली. जुन्या गावातल्या गल्ल्या, पार, वेस आणि शेजार यांचा नकाशा वाचलेल्या माणसांच्या डोक्यात आहे. अशा ठिकाणी कागदावर गावाचा नकाशा काढून घेणे ही उत्तम पद्धत ठरते. चार-पाच वृद्धांना एकत्र बसवून, देवळापासून सुरुवात करून घर, गोठा, पिठाची गिरणी, पाणवठा अशा जागा त्यांच्याकडून दाखवून घ्यायच्या आणि प्रत्येक जागेपुढे कुटुंबाचे नाव लिहायचे.

फोटो समोर ठेवून मुलाखत

फोटो आणि आठवण यांना जोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फोटो हातात देऊन बोलते करणे. 'तुमच्या लहानपणाबद्दल सांगा' या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर मिळते. तोच पंगतीचा फोटो समोर ठेवला की वाढणारा कोण, त्याचे घर कुठे, आचारी कुठून आणला होता, बायकांची पंगत कधी बसली, कोणाला वेगळे बसवले, असे एकातून एक निघत जाते.

अशा मुलाखतीचे काही साधे नियम आहेत. सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि मुलाखत घेणाऱ्याचे नाव रेकॉर्डरवर बोलून घ्यावे. फोटोला क्रमांक द्यावा आणि बोलताना तो क्रमांक उच्चारावा. नाहीतर 'हा इथला तो माझा चुलता' हे वाक्य नंतर कशाबद्दल आहे ते कळत नाही. माणसे डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने विचारावीत. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावे लिहावीत. बोलणाऱ्याची बोली सुधारून लिहू नये. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी जशी असेल तशीच उतरवावी. मूळ रेकॉर्डिंग पुसू नये.

जतनाचे व्यावहारिक नियम

महाराष्ट्रात फोटोचे मुख्य शत्रू म्हणजे पावसाळी दमट हवा, बुरशी, कसर आणि ऊन. कोकणात हे विशेष जाणवते. बाहेरच्या भिंतीला टेकवलेली तसबीर ओल धरते आणि फोटो काचेला चिकटतो. असा फोटो ओढून काढू नये, काचेसकट त्याचे छायाचित्र घ्यावे. फोटो थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी, आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावेत. चिकट पानांचे अल्बम आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे टाळावीत. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नये आणि त्याचे लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा सोडवता येत नाही. निगेटिव्हच्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर तिचा ऱ्हास सुरू झाला आहे असे समजून ती इतरांपासून वेगळी ठेवावी आणि तिची प्रत आधी करावी. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक न रचता कडेवर उभ्या ठेवाव्यात.

फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. फोटो मेणचट किंवा गुळगुळीत असेल तर मजकूर पाकिटावर लिहावा. नावे, नाते, ठिकाण, सन, प्रसंग, फोटो कोणाकडून मिळाला आणि माहिती कोणी सांगितली, एवढ्या गोष्टी पुरतात. जे अंदाजाने लिहिले आहे त्यापुढे 'अंदाजे' असे लिहावे.

स्कॅन किमान ६०० डीपीआयवर, शक्यतो टिफ स्वरूपात करावे आणि मागची बाजूही स्कॅन करावी. मोबाइलवर घ्यायचे असेल तर फोटो चौकटीतून काढून, सावली न पडू देता, कॅमेरा समांतर धरून घ्यावा. व्हॉट्‌सॲपवरून आलेली प्रत लहान झालेली असते, म्हणून ती मूळ समजू नये. डिजिटल प्रती तीन ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नये.

हक्क आणि संमती

भारतीय कायद्यानुसार छायाचित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. कायद्याहून मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. फोटो दिलेल्या घराची लेखी संमती घ्यावी, मूळ फोटो ठरल्या दिवशी परत करावा आणि एक चांगली प्रत त्या घराला द्यावी. मुलाखतीतला एखादा भाग प्रसिद्ध करू नका असे सांगितले असेल तर ते पाळावे. जातीय दंगल, जाळपोळ, जमिनीचे वाद यांबद्दलच्या हकिकतींत जिवंत माणसांची नावे असतात. त्या जपून ठेवाव्यात, पण उघड करण्याची घाई करू नये.

असा संग्रह ठेवायला मोठी संस्था लागत नाही. गावचे सार्वजनिक वाचनालय, जिल्हा परिषदेची शाळा किंवा ग्रामपंचायत यांच्याकडे एक कपाट, एक नोंदवही आणि जबाबदारी घेणारे दोन जण असले तरी काम सुरू होते. वर्षातून एकदा, जत्रेच्या वेळी बाहेरगावी गेलेली माणसे गावी येतात. तेव्हा नावे न कळलेले फोटो मांडून ठेवले तर ओळखणारी माणसे आपण होऊन पुढे येतात. शाळेतली मुले आजी-आजोबांच्या मुलाखती चांगल्या घेतात, कारण नातवंडांना उत्तर देण्याचा कंटाळा कोणी करत नाही.

यात सर्वांत कमी आहे तो वेळ. कागद नीट ठेवला तर शंभर वर्षे टिकतो, पण त्यावरचे चेहरे ओळखणारे माणूस पुढच्या पावसाळ्यापर्यंत असेल याची खात्री नसते. म्हणून सुरुवात घरच्या सर्वांत जुन्या फोटोपासून करावी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून करावी, आणि ती याच महिन्यात करावी.